उत्तर यंत्राचे, सही कोणाची?



शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे दिवस आले की आमचा रविवार आमचा राहत नाही. सकाळी नऊ वाजता विहाराशेजारच्या खोलीत टेबल मांडायचे आणि येईल त्याला कोणते कागद लागतात, सही कोठे घ्यायची, झेरॉक्स किती काढायच्या, ते सांगत बसायचे. कचेरीत कारकुनी करून वीसहून अधिक वर्षे झाली, त्यामुळे कागदाची आम्हांला भीती नाही. पण सांगणारा एक आणि विचारणारे शंभर. बरे, प्रश्नही तेच ते. उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावाचा? आधार बँकेला जोडलेले नसेल तर? गॅप सर्टिफिकेट म्हणजे काय?

मागच्या हंगामात शेजारच्या वहिनींचा मुलगा आमच्याजवळ आला. तो आय.टी. शिकतो. म्हणाला, "जयभीम काका. तेच तेच किती वेळा सांगणार? आपण एक बॉट बनवू. लोक मोबाईलवर विचारतील, तो उत्तर देईल. रात्री बारा वाजतासुद्धा."

आम्हांला पटले. त्याने आठ दिवसांत टेलिग्रामवर बॉट उभा केला. वस्तीतील तरुणांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. दीड महिना सर्व सुरळीत चालले. रविवारची गर्दी निम्म्यावर आली. आणि मग एका रविवारी एक ताई खोलीत आल्या. त्या पॅकिंगच्या कारखान्यात रोजंदारीवर जातात. मुलगी बारावीनंतर कॉलेजात गेलेली. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या मोबाईलवाल्यानं सांगितलेला दाखला खिडकीवर चालत नाही. मागच्या वर्षाचा चालेल म्हणाला. ते म्हणतात, चालू वर्षाचाच पाहिजे. माझा खाडा पडला, आणि फॉर्मला पाच दिवस उरलेत."

तो मुलगा खाली मान घालून बसला. आम्ही त्याला काही बोलणार, तोच ताईंनी साधा प्रश्न विचारला, "त्याला सांगितलं कुणी होतं?"

खोलीत कोणी बोलेना. कारण बॉटला दिलेली कागदांची यादी आमच्या हस्ताक्षरातील होती. मागील वर्षाच्या वहीतून आम्हीच ती उतरवून दिली होती आणि खाली "तपासले" असेही लिहिले होते. तपासले मात्र नव्हते.

हे आम्ही लपवून ठेवू शकलो असतो. पण आता वस्तोवस्ती, संस्थोसंस्थी असे बॉट होऊ लागले आहेत. तेव्हा ते कसे बनतात, कोठे चुकतात, आणि चुकले तर विचारायचे कोणाला, हे आपल्या घराघरांत माहीत असावे, म्हणून हा लेख.

बॉट म्हणजे काय?

बॉट म्हणजे आपल्या निरोपाला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने १९६६ साली ‘एलायझा’ नावाच्या अशा प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तो डॉक्टरसारखे प्रश्न विचारी. त्याला कळत काहीच नव्हते. माणसाच्या वाक्यातला एखादा शब्द पकडून तो तेच वाक्य प्रश्न करून परत देई, एवढीच करामत. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने, जिने तो प्रोग्राम बनताना पाहिला होता तिनेच, त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले! माणूस यंत्राला इतक्या लवकर जवळचे मानतो हे पाहून वायझेनबॉम अस्वस्थ झाले आणि पुढे आयुष्यभर लोकांना सावध करीत राहिले.

आज बॉटचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला बटणांचा. "१ दाबा, २ दाबा" या पद्धतीने ठरलेल्या वाटेने नेणारा. दुसरा शब्द ओळखणारा. एकच गोष्ट लोक कोणकोणत्या शब्दांत विचारतात त्याचे नमुने त्याला आधी शिकवावे लागतात. तिसरा, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून गाजलेला, स्वतः वाक्ये रचणारा. तो गोड बोलतो, परंतु माहीत नसलेलेही तितक्याच ठामपणे सांगून टाकतो. आमचा बॉट पहिल्या प्रकारचा होता, थोडासा दुसऱ्या. म्हणजे चूक त्याने रचलेली नव्हती. आम्ही दिलेलीच त्याने परत दिली.

एक कचेरी, तीन दरवाजे

आता तो बनतो कसा ते सांगतो. टेलिग्रामने २०१५ च्या जून महिन्यात बॉट बनवण्याची सोय सर्वांना खुली केली. तेथे ‘बॉटफादर’ नावाचा एक बॉटच आहे. त्याला नवा बॉट हवा म्हणून सांगायचे, नाव द्यायचे, की तो अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ देतो. तिला टोकन म्हणतात. हे टोकन म्हणजे कपाटाची किल्ली. ज्याच्या हाती टोकन, तो त्या बॉटच्या तोंडून काहीही बोलवू शकतो. हरवले तर बॉटफादरकडूनच जुने रद्द करून नवे घेता येते. या सगळ्याला पैसे पडत नाहीत, म्हणून विद्यार्थी येथूनच सुरुवात करतात. आणखी एक गोष्ट चांगली आहे. टेलिग्रामचा बॉट आपण होऊन कोणाला पहिला निरोप पाठवू शकत नाही, आधी माणसाने त्याला उघडावे लागते. आणि माणसाने स्वतः दिल्याशिवाय त्याचा फोन नंबर बॉटला कळत नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पण आपल्या आयाबायांच्या मोबाईलवर टेलिग्राम कोठे असतो? तेथे असते व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲपने असा दरवाजा २०१८ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या व्यवसायांसाठी उघडला आणि २०२२ साली तो लहान संस्थांनाही सोपा केला. मात्र तेथील शिस्त वेगळी. माणसाने निरोप पाठवला की त्या क्षणापासून चोवीस तास त्याला मोकळेपणी उत्तर देता येते. त्यानंतर आपण होऊन काही कळवायचे तर आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातच लिहावे लागते आणि त्याला दर लागतो. शिवाय उत्तराखाली बटणे फक्त तीन देता येतात. त्याहून जास्त पर्याय असले तर यादी करायची, तीही दहा ओळींची.

तिसरा दरवाजा साध्या एसएमएसचा. साधा फोन असलेल्या आजोबांना तोच उपयोगी. पण तेथे आपल्या भाषेची गोची आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिले की ७०च, आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यातच मोजली जाते. "उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून घ्यावा" एवढे लिहिले तरी अर्ध्याहून अधिक जागा संपते.

सांगायचे तात्पर्य, प्रत्येक दरवाजाची रीत निराळी. प्रत्येकासाठी स्वतंत्र बॉट लिहायचा म्हणजे तीन ठिकाणी तीन रजिस्टरे ठेवण्यासारखे. एकात दुरुस्ती केली, दोनांत राहून गेली, असे हमखास होणार. म्हणून अशी साधने निघाली की ज्यांत प्रश्नोत्तरांचा तक्ता एकदाच मांडायचा. निरोप कोणत्याही दरवाजाने येवो, साधन त्याला एका समान नमुन्यात बसवते, तक्त्यातून उत्तर काढते आणि ज्या दरवाजाने तो आला त्याच्या रीतीप्रमाणे परत पाठवते. आमच्या कचेरीत टपाल हाती आले काय, पोस्टाने आले काय, आवक रजिस्टरला नोंद एकाच पद्धतीने होते, तसेच हे.

अशा साधनांतले नाव घेण्यासारखे म्हणजे ‘रॅपिडप्रो’. युनिसेफने रवांडा देशातील न्यारुका या कंपनीच्या साहाय्याने ते उभे केले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकटी काढायच्या आणि बाणांनी जोडायच्या. "हो म्हणाले तर इकडे, नाही म्हणाले तर तिकडे." त्यावर एसएमएस, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, मेसेंजर असे अनेक दरवाजे जोडता येतात. आपल्या देशात स्वयंसेवी संस्थांसाठी बनलेले ‘ग्लिफिक’ हे साधन व्हॉट्सॲपवर चालते आणि त्यातही चौकटी जोडण्याची हीच पद्धत आहे. दोन्ही साधनांचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहायला मोकळा आहे.

गरिबांच्या कामी आलेले

हे सर्व केवळ बँका आणि दुकानांसाठीच आहे असे समजू नका. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने २०१४ साली ‘मॉमकनेक्ट’ सुरू केले. गरोदर बाई सरकारी दवाखान्यात गेली की तेथेच मोबाईलवरून तिची नोंद होते आणि मग तिला दिवस भरत जातील तसतसे सल्ल्याचे निरोप तिच्या भाषेत येतात. सुरुवात साध्या फोनवरच्या एसएमएसने झाली, पुढे २०१७ मध्ये व्हॉट्सॲप जोडले गेले. पण आम्हांला त्यातील सर्वांत महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. बाईने प्रश्न विचारला किंवा दवाखान्याबद्दल तक्रार केली तर ती वाचायला मदत कक्षात माणसे बसवलेली आहेत. ठरलेले निरोप यंत्र पाठवते, आणि अडलेल्या बाईला माणूस भेटतो.

आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या माहितीसाठी केंद्र सरकारने व्हॉट्सॲपवर बॉट आणला. पुढच्या वर्षी लसीचे प्रमाणपत्र अनेकांनी त्यावरच उतरवून घेतले. मुंबई महानगरपालिकेनेही २०२२ च्या जानेवारीत आपला बॉट सुरू केला. म्हणजे खिडकीवर रांग लावण्याऐवजी काही कामे घरबसल्या होतात, हा फायदा खराच. रोजंदारीच्या माणसाला एक खाडा वाचणे म्हणजे काय, ते आम्ही आपल्या वाचकांना सांगायला नको.

परंतु खाडा वाचवण्यासाठी केलेल्या यंत्रानेच खाडा पाडला, तर?

कंपनी म्हणाली, आमचा संबंध नाही

असा प्रश्न कॅनडात आला होता. तेथील एका प्रवाशाची आजी वारली. त्याने एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बॉटला विचारले की, घरच्या मृत्यूसाठी जाणाऱ्याला भाड्यात सवलत कशी मिळते? बॉटने सांगितले, आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांत अर्ज करा, सवलत परत मिळेल. त्याने तसे केले. कंपनी म्हणाली, आमचा नियम तसा नाही, प्रवासानंतर सवलत देत नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तेथे कंपनीने युक्तिवाद केला की बॉट हा जणू स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! न्यायाधिकरणाने २०२४ च्या फेब्रुवारीत हे म्हणणे फेटाळले. बॉट हा कंपनीचाच भाग, त्याने दिलेल्या माहितीची जबाबदारी कंपनीची, असे ठरवून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर त्या प्रवाशाला द्यायला लावले.

हा निकाल वाचला तेव्हा आम्हांला त्या ताईंचा प्रश्न आठवला. न्यायाधिकरणाने पानेच्या पाने लिहून जे सांगितले, तेच त्यांनी उभ्याउभ्या विचारले होते. त्याला सांगितलं कुणी होतं?

आम्ही काय केले

त्या रविवारी पहिले काम म्हणजे ताईंची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर तहसीलला गेलो. दाखला शेवटच्या दिवशी दुपारी मिळाला आणि फॉर्म संध्याकाळी भरला गेला. ताईंचे दोन खाडे पडले ते पडलेच. त्याचे पैसे आम्ही देऊ लागलो, तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "यादी नीट करा, तेवढं पुरे."

मग त्या मुलाने बॉटची नोंद काढली. यंत्राचा हा एक गुण मान्य करावा लागेल. माणूस कोणाला काय बोलला ते विसरतो, बॉट विसरत नाही. ते चुकीचे उत्तर किती जणांना गेले होते? सात. ताईंचे घर धरून सात. लगेच बॉटमार्फत प्रत्येकाला दुरुस्ती पाठवली. पाच जणांनी "मिळाले" म्हणून कळवले. त्यांतल्या दोघांनी जुनाच दाखला जोडून ठेवला होता, ते वाचले. सातव्याला मात्र निरोप जाईना. त्याने बॉट ब्लॉक केलेला होता. फोन नंबर नाही. नावाच्या जागी नावही नाही, नुसते एक फुलाचे चित्र. ते घर कोणाचे, ते आजही आम्हांला माहीत नाही.

यानंतर मंडळाची बैठक झाली. एक वयस्कर सभासद म्हणाले, बंद करा ते खूळ. तरुण म्हणाले, चूक कागदाची आहे, बॉटची नाही. दोघांचेही थोडेथोडे खरे होते. शेवटी बॉट ठेवायचा, पण पुढील गोष्टी पाळायच्या असे ठरले.

१. प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या तारखेला तपासले आणि कोणी तपासले ते लिहायचे. आमच्या उत्तरांखाली आता आमचे नाव असते.

२. प्रत्येक उत्तराचे शेवटचे बटण "माणसाशी बोला" हे असते. ते दाबले की रविवारच्या टेबलावरील माणसाचा नंबर मिळतो.

३. बॉटला शब्द वाढवून दिले. पूर्वी त्याला "एस.सी." आणि "अनुसूचित जाती" एवढेच कळे. एका आजोबांनी "बौद्ध" असे लिहिले तर "समजले नाही" म्हणाला! १९९० सालच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, हे आजोबांना ठाऊक, बॉटला नाही. आता "बौद्ध", "नवबौद्ध" हे शब्द त्याला शिकवले आहेत. शिवाय मुले मराठी इंग्रजी लिपीत लिहितात, तेही नमुने घातले.

४. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, दाखल्याचा फोटो यांतील काहीही बॉट मागत नाही. दुरुस्ती कळवण्यासाठी फोन नंबर हवा का, एवढे मात्र विचारतो. द्यावा की नाही ही ज्याची त्याची मर्जी. हंगाम संपला की ती यादी पुसून टाकायची. माहिती कशासाठी घेतली ते सांगावे आणि संमती घ्यावी, हे २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचेही सूत्र आहे.

५. टोकन एकट्या मुलाच्या मोबाईलवर न ठेवता मंडळाच्या कपाटात बंद पाकिटातही ठेवले आहे. मुलगा उद्या नोकरीला लागून परगावी जाईल, बॉट येथेच राहील.

६. मूळ तक्ता आपल्या वहीत. साधने येतात आणि जातात. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये अनेक दरवाजे एकत्र जोडणारे ‘बॉट फ्रेमवर्क’ मोठ्या गाजावाजाने आणले होते. पुढे त्या साधनाला निरोप देऊन त्यांनी लोकांना दुसरीकडे वळायला सांगितले. तक्ता आपल्याजवळ असला तर साधन बदलता येते.

घरच्यांसाठी दोन शब्द

तुम्ही बॉट बनवणार नसाल, पण वापराल नक्की. तेव्हा एवढे पाहा. बॉट ओटीपी, पिन किंवा आधारचा फोटो मागू लागला की लगेच थांबा. कर्ज, नोकरी, अनुदान देतो म्हणून आपण होऊन आलेल्या निरोपावर बोट ठेवू नका. खरा सरकारी बॉट कोणता, ते त्या कार्यालयाच्या फलकावरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करून घ्या. टेलिग्रामवर बॉटशी केलेले बोलणे बनवणाऱ्याला वाचता येते, म्हणून घरातील खाजगी दुखणी तेथे लिहू नका. आणि शेवटच्या तारखेचे किंवा कागदाचे उत्तर आले तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा व एकदा खिडकीवर विचारून घ्या. लेखी उत्तर हा पुरावा असतो. घरातील शाळकरी मुलांनी आईला, आजीला हे वाचून दाखवावे.

राहता राहिले ते सातवे घर. मुदत संपून गेली आहे. त्या घरातील मुलाचा किंवा मुलीचा फॉर्म भरला गेला की कागदावरून परत आला, ते आम्हांला समजलेले नाही. हे साप्ताहिक वस्तीत बहुतेक घरी येते, म्हणून येथेच लिहितो. ज्यांनी आमच्या बॉटला उत्पन्नाच्या दाखल्याविषयी विचारले आणि ज्यांच्या नावाच्या जागी फुलाचे चित्र होते, त्यांनी कृपा करून रविवारी खोलीवर यावे. अर्ज परत आला असेल तर पुढे काय करता येईल ते बरोबर बसून पाहू, कॉलेजात आम्ही स्वतः येऊ. रागावून आलात तरी चालेल. खुर्ची मांडून ठेवली आहे.